रित्या हातांची मृगया

धनुर्धराचे जे चित्र बालपणापासून आपल्या मनावर ठसलेले असते, त्यात बाण सुटला की तो लागतोच. अर्जुनाला पक्ष्याचा डोळा तेवढा दिसतो. एकलव्य केवळ आवाजाच्या अनुरोधाने भुंकणाऱ्या कुत्र्याचे तोंड बाणांनी बंद करतो. दशरथाचा शब्दवेधी बाण अंधारातही चुकत नाही, चुकतो तो त्याचा तर्क. 'शाकुंतला'च्या प्रारंभी दुष्यंत राजा रथातून हरिणाचा पाठलाग करतो. तेथेही बाण सुटत नाही तो तपस्वी आड येतात म्हणून, राजाला नेम साधत नाही म्हणून नव्हे. काव्यातील मृगयेला अपयश जणू ठाऊकच नाही.

प्रत्यक्ष अरण्यात धनुष्य घेऊन हरिणामागे जाणाऱ्या माणसाचा अनुभव मात्र अगदी निराळा आहे. तो बहुतेक दिवस रित्या हातांनी परततो. पुष्कळदा सबंध हंगाम संपतो आणि त्याच्या भात्यातील बाण होते तितकेच राहतात. कधी कधी असे हंगाम एकामागून एक जातात. या अपयशाचा इतिहास सविस्तर लिहिलेला आढळतो तो विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील अमेरिकेत. कारण तेथे उत्तम बंदुका सहज मिळत असताना काही माणसांनी बुद्ध्याच धनुष्य हाती घेतले, आणि आपल्या चुकलेल्या नेमांच्याही नोंदी ठेवल्या. ती माणसे पुनःपुन्हा अरण्यात का गेली, कशाच्या बळावर गेली, हा प्रश्न केवळ शिकारीच्या शौकिनांपुरता नाही. ज्या कामात यश क्वचित आणि उशिरा येते अशा कोणत्याही कामाला तो लागू पडतो.

प्रथम अपयशाचे कारण पाहिले पाहिजे. अमेरिकेतील पांढऱ्या शेपटीचे हरिण हे आपल्याकडील चितळ-सांबराच्या कुळातलेच जनावर. त्याचे नाक अतिशय तिखट असते. त्याचे कान एकमेकांपासून स्वतंत्रपणे हव्या त्या दिशेला वळतात, आणि डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने, मागील थोडासा भाग सोडला तर, सभोवारची हालचाल त्याला मान न वळविता टिपता येते. बंदूकवाल्याला शंभर-दीडशे यार्डांवरून नेम धरता येतो. तेवढ्या अंतरावर हरिण पुष्कळदा बेसावध असते. लाकडी धनुष्याने खात्रीचा बाण मारावयाचा तर वीस-पंचवीस यार्डांच्या आत जावे लागते, म्हणजे हरिणाच्या सर्व इंद्रियांच्या ऐन टापूत शिरावे लागते. शिवाय धनुष्य ओढण्याची क्रिया त्याच्या डोळ्यांसमोरच करावी लागते.

एवढे साधले तरी एक अडचण उरतेच. साध्या लाकडी धनुष्यातून सुटलेला शिकारी बाण सेकंदास सुमारे १५० फूट जातो. ध्वनी सेकंदास सुमारे १,१०० फूट जातो. वीस यार्डांवर उभ्या असलेल्या हरिणाला प्रत्यंचेचा टणत्कार बाणाच्या आधी, सेकंदाचा सुमारे एकतृतीयांश भाग आधी, ऐकू येतो. घाबरलेले हरिण उडी घेण्यासाठी प्रथम पाय दुमडून खाली दबते. तेवढ्या अवधीत ते इतके दबू शकते की अचूक नेमाचा बाणही त्याच्या पाठीवरून निघून जातो. म्हणजे शिकाऱ्याच्या हातून काहीही चूक न होता अपयश येऊ शकते. या खेळातील निराशेचे मूळ बरेचसे येथे आहे.

आता या इतिहासातील पहिल्या आणि सर्वांत करुण व्यक्तीकडे वळू. ता. २९ ऑगस्ट १९११ रोजी कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल गावाजवळच्या एका कत्तलखान्याच्या आवारात, भुकेने खंगलेला एक आदिवासी पुरुष सापडला. तो याही जमातीचा होता. सोन्याच्या शोधात आलेल्या गोऱ्या वसाहतवाल्यांनी १८५० नंतरच्या काळात या जमातीची अक्षरशः कत्तल केली होती. उरलेली मूठभर माणसे डीअर क्रीक या ओढ्याच्या दऱ्याखोऱ्यांत सुमारे चाळीस वर्षे लपून राहिली. १९०८ च्या नोव्हेंबरमध्ये जमिनीची मोजणी करणाऱ्या एका टोळीला त्यांची वस्ती आढळली आणि त्या लोकांनी तेथील चीजवस्तू उचलून नेल्या. त्यानंतर थोड्याच काळात हा पुरुष एकटा उरला. स्वतःचे नाव त्याने कोणालाही सांगितले नाही. मानववंशशास्त्रज्ञ आल्फ्रेड क्रोबर यांनी त्याला 'इशी' म्हटले. त्याच्या भाषेत त्याचा अर्थ केवळ 'माणूस'. पुढे तो सॅन फ्रान्सिस्को येथे विद्यापीठाच्या वस्तुसंग्रहालयात राहू लागला.

त्याच विद्यापीठाच्या वैद्यकीय शाळेत सॅक्स्टन पोप नावाचे शस्त्रवैद्य शिकवीत असत. १९१२ मध्ये त्यांची इशीशी ओळख झाली. इशी धनुष्य घडविताना पाहून पोप यांना त्या विद्येचे वेड लागले, आणि रोगी व वैद्य हे नाते बदलून गुरु व शिष्य असे झाले. इशीचे धनुष्य जुनिपरच्या लाकडाचे, सुमारे ४२ इंच लांबीचे असे. त्याच्या पाठीवर हरिणाचे स्नायुतंतू चावून मऊ करून, सामन माशाच्या कातड्यापासून काढलेल्या सरसाने चिकटविलेले असत. ते पूर्ण ओढण्यास सुमारे ४५ पौंड जोर लागे. उभ्या केलेल्या गोल लक्ष्यावर इशी काही फार मोठा तिरंदाज नव्हता. त्या प्रकारच्या नेमबाजीची त्याला सवय नव्हती. त्याचे खरे कौशल्य अरण्यात दिसे.

हरिणाच्या शिकारीला निघण्यापूर्वी इशी जे नियम पाळी, ते एखाद्या व्रतासारखे होते. आदल्या दिवशी तो मासळी खात नसे, कारण तिचा वास हरिणाला कळतो. तंबाखूच्या धुराचा वास तो अंगाला लागू देत नसे. पहाटे सर्वांग धुऊन, चूळ भरून, उपाशी पोटी तो निघे. पायांत वस्त्र नसे, कारण झुडपांत त्याची खसखस होते. शहरात मिळालेल्या बुटांचा त्याला मोठा अभिमान होता, पण रानात ते घोड्यासारखा आवाज करतात म्हणून तो ते काढून ठेवी. वाऱ्याची दिशा साधून तो लपण धरी. माद्रोन वृक्षाचे कोवळे पान ओठांत दुमडून पाडसासारखा आवाज काढी. कधी भुसा भरलेले हरिणाचे डोके आपल्या मस्तकावर बांधून झुडपाआडून हळूहळू हलवी, म्हणजे कुतूहलाने हरिण जवळ येई.

इतकी तयारी, इतके ज्ञान, जन्मभराचा अनुभव; आणि तरीही इशी व पोप यांनी मिळून ज्या अनेक मृगया केल्या, त्यांत त्यांना धनुष्याने एकही हरिण मिळाले नाही. १९१४ च्या उन्हाळ्याच्या प्रारंभी क्रोबर, वॉटरमन, पोप व पोप यांचा लहान मुलगा इशीला घेऊन त्याच्या जुन्या मुलखात, डीअर क्रीकच्या खोऱ्यात, गेले होते. इशीने बालपणापासून पुष्कळ हरिणे मारली होती याविषयी पोप यांना मुळीच शंका नव्हती. तथापि बाणाची शक्ती पाहण्यासाठी त्यांनी सामानवाल्याने मारून आणलेल्या एका नरावर इशीला चाळीस यार्डांवरून बाण सोडावयास लावले. एक बाण छातीत निम्म्यापर्यंत शिरला, दुसऱ्याने पाठीचा कणा मोडला. म्हणजे धनुष्यात उणीव नव्हती, धनुर्धरातही नव्हती. जिवंत हरिणावरही काही बाण सुटले. परंतु कधी अंतर फसले, कधी उतार नडला, कधी झाडे आड आली.

या साऱ्याची हकीकत पुढे पोप यांनी स्वतःच लिहिली आहे, आणि तिच्यातील प्रामाणिकपणा लक्षात घेण्याजोगा आहे. त्या चुकलेल्या बाणांना त्यांनी निराशाजनक म्हटले नाही. उमेद वाढविणारे म्हटले. अपयशाचे खापर त्यांनी इशीवरही फोडले नाही. सोबत आपल्यासारखा नवशिका असल्याने इशीची अडचण झाली, आणि गोऱ्या माणसाला वेळ नसतो म्हणून त्याला घाई करावी लागली, असे त्यांनी मान्य केले. हे दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. पोप यांना रुग्णालयात परतावयाचे असे. सुट्टीचे दिवस मोजके असत. इशीच्या विद्येत वेळ मोजण्याची पद्धतच नव्हती. हरिण येईपर्यंत थांबावयाचे, एवढेच तिचे गणित होते.

ता. २५ मार्च १९१६ रोजी इशी क्षयाने वारला. आपल्या शिष्याला हरिण मिळालेले त्याने पाहिले नाही. पोप यांनी धनुष्याने पहिले हरिण मारले ते त्यानंतर, इशीच्याच शिकवणीच्या बळावर.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. वन्य जमातींचे लोक अपयश सहन करीत ते केवळ त्यांच्या मनाच्या अलौकिक धैर्यामुळे, असे समजण्याचा मोह होतो. वस्तुस्थिती अधिक साधी आणि अधिक बोधप्रद आहे. कॅलिफोर्नियातील या लोकांचे मुख्य अन्न ओक वृक्षाची फळे आणि नदीतील सामन मासे हे होते. शरद ऋतूत गोळा केलेली ओकफळे कणग्यांत साठविलेली असत. त्यांचे पीठ करून, पाण्याने कडवटपणा काढून, त्याची लापशी केली जाई. हरिणाचे मांस ही त्यावरची जोड. म्हणून शिकारी दोन दिवस रित्या हातांनी आला तरी वस्ती उपाशी मरत नसे, आणि म्हणूनच तो तिसऱ्या दिवशी शांत चित्ताने पुन्हा दबा धरून बसू शके. जमात नष्ट झाल्यावर, फळे वेचणारे हात आणि ती साठविणाऱ्या कणग्या नाहीशा झाल्यावर, त्याच इशीला तीच धनुर्विद्या पुरी पडली नाही आणि भुकेने तो गावात आला. धीराला मनोबळ लागतेच. पण कोठेतरी भरलेली कणगीही लागते.

पोप यांच्या पाठीशी वैद्यकीचा व्यवसाय होता, ही त्यांची कणगी. तिच्या आधारावर त्यांनी आर्थर यंग आणि विल कॉम्प्टन या मित्रांसह या विद्येचा शास्त्रशुद्ध अभ्यास आरंभिला. त्यांच्याही आधी, १८७८ मध्ये, मॉरिस थॉम्प्सन या लेखकाने धनुर्विद्येवर एक मोहक ग्रंथ लिहून अमेरिकेत या खेळाची गोडी लावली होती. पुढच्याच वर्षी राष्ट्रीय धनुर्विद्या संघ स्थापन झाला. परंतु तो उत्साह मुख्यतः मैदानी लक्ष्यांकडे वळला होता. पोप यांनी निरनिराळ्या देशांची धनुष्ये घडवून अथवा मिळवून, त्यांचे बाण किती दूर जातात व किती खोल शिरतात हे मोजले, आणि १९२३ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्याच साली त्यांचा शिकारीवरील ग्रंथही निघाला. पोप १९२६ मध्ये वारले. पण त्यांच्या ग्रंथाने शेकडो तरुणांच्या हाती धनुष्य दिले होते.

या तरुणांची वाट मात्र सोपी नव्हती. बाजारासाठी झालेल्या बेसुमार शिकारीमुळे विसाव्या शतकाच्या प्रारंभी अमेरिकेतील हरिणांची संख्या अतिशय घटली होती. कित्येक राज्यांत हरिण दृष्टीस पडणे हीच नवलाची गोष्ट झाली होती. त्यात शिकारीचे कायदे व हंगाम बंदूक डोळ्यांसमोर ठेवून ठरविलेले. विस्कॉन्सिन राज्यात रसीन येथील रॉय केस यांनी १९३० साली धनुष्याने एक नर मारला, तेव्हा तेथे ती एक नवलाईची बातमी ठरली. पुढे १९३४ मध्ये त्या राज्याने कोलंबिया आणि सॉक या दोन परगण्यांत धनुर्धरांसाठी स्वतंत्र हंगाम ठेवला. त्या पहिल्या हंगामाची सरकारी नोंद एका हरिणाची आहे. बाकीचे सारे धनुर्धर थंडीत कुडकुडून घरी परतले. व्यवहारी माणसाने हा प्रयोग तेथेच गुंडाळला असता. तो गुंडाळला गेला नाही. शेजारच्या मिशिगन राज्यानेही १९३७ मध्ये दोन परगण्यांत असा हंगाम सुरू केला.

मिशिगनमधील त्या काळच्या उमेदवारांत फ्रेड बेअर हे नाव पुढे प्रसिद्धीस आले. १९०२ साली पेन्सिल्व्हेनियात जन्मलेला हा तरुण १९२३ मध्ये डेट्रॉईट शहरी आला आणि मोटारींच्या कारखान्यात लाकडी नमुने घडविण्याचे काम करू लागला. १९२७ मध्ये आर्थर यंग यांनी अलास्कात धनुष्याने केलेल्या शिकारींचा चित्रपट त्याने पाहिला, आणि पुढे यंग यांच्याकडूनच धनुष्यबाण घडविण्याचे धडे घेतले. १९२९ पासून तो धनुष्य घेऊन हरिणामागे जाऊ लागला. त्याला पहिले हरिण मिळाले १९३५ साली. मधली वर्षे अमेरिकेतील भयंकर मंदीची होती. १९३३ मध्ये तो नोकरीस असलेला कारखाना आगीत भस्म झाला, तेव्हा जवळच्या अल्पशा भांडवलावर त्याने एका भागीदारासह लहानसे दुकान काढले आणि त्याच्या एका कोपऱ्यात धनुष्यबाण घडविण्यास आरंभ केला. पुढे हाच कोपरा मोठा कारखाना झाला. ज्या वर्षांत त्याच्या हाती एकही हरिण लागले नव्हते, त्याच वर्षांत तो उत्तम धनुष्यकार झाला, हा काही योगायोग नव्हे. दर हंगामातील फसगत त्याला कामाच्या बाकाशी परत नेई: दोरी फार वाजते काय, बाण डगमगतो काय, फळ पुरेसे धारदार आहे काय, याचा शोध वर्षभर चाले.

अपयशी हंगाम पार करण्याचे हे एक खरे साधन दिसते. मृगया थोड्या दिवसांची असते. तिची सिद्धता बारा महिने चालते. यू किंवा ओसेज ऑरेंज या वृक्षाचे लाकूड कापून ते वर्ष-वर्ष सावलीत सुकवावे लागते. मग ते तासताना दोन्ही भुजा सारख्या वाकतात की नाही हे पुनःपुन्हा पाहावे लागते. एक पातळ ढलपी जास्त निघाली तर धनुष्य दुबळे होते अथवा मोडते. बाणांच्या काठ्या सारख्या वजनाच्या व सारख्या लवचिकतेच्या निवडाव्या लागतात. ज्याचे मन या कामात रमले, त्याचा हंगाम वाया गेला तरी त्याचे वर्ष वाया जात नसे. शिवाय ससे, खारी यांसारख्या लहान जनावरांवर हात चालू राही. इशी व पोप यांनीही तेच केले होते.

परंतु सर्वांत विचारप्रवृत्त करणारे उदाहरण आहे ते आल्डो लिओपोल्ड यांचे. हे वनाधिकारी नैर्ऋत्य अमेरिकेतील अरण्यखात्यात पंधरा वर्षे होते. त्यांच्याच खटपटीने न्यू मेक्सिको राज्यातील गिला नदीच्या उगमाकडील सुमारे साडेसात लाख एकरांचा प्रदेश १९२४ मध्ये रस्ते व वसाहती यांपासून मुक्त असे राखीव अरण्य म्हणून जाहीर झाला. त्याच वर्षी त्यांची बदली विस्कॉन्सिनमधील मॅडिसन येथील लाकडाच्या संशोधनशाळेत झाली. तेथे त्यांना धनुष्याचा नाद लागला. घराच्या तळघरात ते स्वतः धनुष्ये व बाण घडवीत. सबंध कुटुंबच या छंदात सामील झाले. त्यांची पत्नी एस्टेला यांनी पुढे राज्यातील स्त्रियांच्या धनुर्विद्येत अजिंक्यपद मिळविले.

१९२७ मध्ये आणि पुन्हा १९२९ मध्ये लिओपोल्ड धनुष्य घेऊन आपण वाचविलेल्या त्या गिलाच्या अरण्यात गेले. दुसऱ्या खेपेस भाऊ कार्ल आणि मुलगा स्टार्कर बरोबर होते. त्यांच्या बाणाने हरिण पडले नाही. येथे हरिणांचा तुटवडा हे कारण नव्हते, अरण्याचे अज्ञान हेही नव्हते. त्या मुलखाला त्यांच्याइतके ओळखणारी माणसे थोडीच असतील. त्यांनी त्या दिवसांची रोजनिशी ठेवली. वारा कोठून वाहत होता, हरिणे कोणत्या वेळी कोणत्या उतारावर चरत होती, बाण किती यार्डांवरून सुटला आणि कोठून निसटला, कोणते पक्षी दिसले, याची नोंद तीत आहे. ज्याला अशी नोंद करता येते, त्याला रित्या दिवशीही काही मिळालेले असते. अपयशाचे असे मोजमाप केले की त्यातील अपमान कमी होतो आणि शिकण्याजोगा भाग उरतो.

या माणसांना फलाची आसक्ती नव्हती, ते निष्काम होते, असे मात्र म्हणता येणार नाही. त्यांना हरिण हवे होते. अगदी मनापासून हवे होते. तसे नसते तर पहाटेच्या हिमात तासन्‌तास निश्चल बसण्याचे त्यांना कारण नव्हते. विशेष होता तो असा, की हवे असलेले फळ वाटेल त्या मार्गाने घेण्यास त्यांनी नकार दिला होता. बंदूक घरी टांगलेली असताना धनुष्य घेणे हा त्या नकाराचा पहिला भाग. दुसरा भाग अधिक कठीण होता, आणि तो होता बाण न सोडणे.

शस्त्रवैद्य असल्याने पोप यांना हे चांगले ठाऊक होते की बाण हा गोळीप्रमाणे धक्क्याने मारीत नाही. धारदार फळाने रक्तवाहिन्या छेदूनच तो मारतो. तो छातीत नीट बसला तर जनावर थोड्याच वेळात शांतपणे पडते. तो मांडीत किंवा पोटात बसला तर ते जनावर दूरवर पळून जाते, झुडपांत शिरते आणि कित्येक तास, कधी दिवसही, तळमळून मरते. शिकाऱ्याला ते पुष्कळदा सापडतही नाही. चार हंगाम रिते गेलेल्या माणसासमोर पन्नास यार्डांवर, डहाळ्यांच्या आड, हरिण उभे राहते, तेव्हा त्याची खरी परीक्षा होते. मन म्हणते, कदाचित लागेल. त्या 'कदाचित'ला बळी पडणारा धनुर्धर अपयशापेक्षा वाईट असे काही पदरात घेतो. म्हणून या परंपरेतील जाणती माणसे आपापले अंतर आधीच ठरवून ठेवीत आणि त्यापलीकडे बाण सोडीत नसत. त्यांच्या रित्या हातांपैकी कित्येक हात असे बुद्ध्याच रिते राखलेले होते.

लिओपोल्ड यांनी आपल्या एका निबंधात शिकारीच्या खेळाचे एक वैशिष्ट्य सांगितले आहे. त्यांचे म्हणणे असे की, इतर खेळांप्रमाणे येथे टाळ्या वाजविणारा किंवा निषेध करणारा प्रेक्षकवर्ग नसतो. शिकारी जे काही करतो त्याला साक्षी त्याचे त्याचेच मन. १९४८ च्या एप्रिलमध्ये, सॉक परगण्यात शेजाऱ्याच्या शेतातील गवताचा वणवा विझविण्यास धावून गेले असता, त्यांना मृत्यू आला. ज्या ग्रंथात हा निबंध आहे तो त्यांच्या मृत्यूनंतर १९४९ मध्ये निघाला. हा तोच सॉक परगणा, जेथे १९३४ च्या हंगामात धनुर्धर बहुतेक सर्व रिकामे परतले होते.

त्यानंतर काळ पालटला. संरक्षणाच्या कायद्यांमुळे अमेरिकेत हरिणांची संख्या पुन्हा फार वाढली, आणि धनुर्धरांचे हंगाम निरनिराळ्या राज्यांत रूढ झाले. १९६१ मध्ये पोप व यंग या दोघांच्या नावाने एक मंडळ स्थापन झाले. नेकीने केलेल्या शिकारींच्या नोंदी ठेवणे हे त्याचे काम. १९६९ मध्ये मिसुरी राज्यातील हॉलिस विल्बर ॲलन यांना चाकांच्या धनुष्याचे पेटंट मिळाले. दोन टोकांच्या चाकांमुळे हे धनुष्य पूर्ण ओढल्यावर हाताला हलके लागते, नेम धरून थांबता येते, आणि बाणही वेगाने जातो. हरिण मिळविणे पुष्कळ सोपे झाले. तरीही काही माणसे चाके नसलेले साधे धनुष्यच घेऊन जात राहिली. त्यांच्या पद्धतीला आता तेथे 'पारंपरिक' असे नाव पडले आहे, आणि रिते हंगाम हा त्या परंपरेचा आजही ठरलेला भाग आहे.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हरिणाची शिकार हा गुन्हा आहे, आणि ते योग्यच आहे. या अमेरिकन धनुर्धरांपासून घेण्याजोगे जे आहे त्याला हरिणाची गरजही नाही. दीर्घकाळ यश न येणाऱ्या कामात पडलेल्या माणसाने मागे थोडी शिदोरी ठेवावी, हंगामाबाहेरच्या कष्टांत गोडी घ्यावी, सोबती जोडावेत, चुकलेल्या प्रत्येक नेमाची खरी नोंद करावी, आणि घाईने पदरात पडणारे खोटे यश नाकारण्याइतके बळ राखावे, एवढे त्यांच्या चरित्रांवरून दिसते. लिओपोल्ड यांची गिलातील रोजनिशी त्यांच्या मुलाने १९५३ मध्ये प्रसिद्ध केली. तीत हरिणांचे उल्लेख पानोपानी आहेत. लिओपोल्ड यांच्या बाणाने पडलेल्या हरिणाचा उल्लेख मात्र कोठेही नाही.